विश्वचषक पाहावा कसा?

दर चार वर्षांनी जागतिक फुटबॉल स्पर्धेचे दिवस जवळ आले की गोमंतकातील रस्त्यांचे रूप पालटते. सासष्टीत, बार्देशात, तिसवाडीत घरांच्या गच्च्यांवर आणि तिठ्यांवरील खांबांवर ब्राझील, अर्जेंटिना व पोर्तुगाल यांचे झेंडे फडकू लागतात आणि महिनाभर चहाच्या दुकानांत दुसरा विषय उरत नाही. या उत्सवाच्या काठावर मात्र एक मोठा वर्ग उभा असतो. त्याच्या घरी मराठी वृत्तपत्र येते, क्रिकेटचे आकडे त्याला तोंडपाठ असतात आणि फुटबॉल हा आपला नव्हे, 'त्यांचा' खेळ, अशी एक जुनी, कधीही न तपासलेली समजूत त्याने मनाशी बाळगलेली असते. मुलगा किंवा नात रात्री जागून सामना पाहते, तेव्हा तिच्या शेजारी जाऊन बसावे असे त्यालाही वाटते. परंतु गुणतक्ता कळत नाही, ऑफसाइड म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि या वयात हे विचारायचे कोणाला, हा संकोच आड येतो. आजचा हा लेख त्या वाचकासाठी आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : या स्पर्धेचे नियम आणि तिचा इतिहास ही दोन्ही समजून घेऊन ती पाहावी. तेवढे केले की कोणाच्या बाजूने ओरडायचे हे आपले आपल्याला ठरवता येते. शेजाऱ्याच्या गच्चीवरील झेंडा पाहून ते ठरवावे लागत नाही.

प्रथम स्पर्धेचा सांगाडा पाहू. पहिली जागतिक स्पर्धा १९३० साली उरुग्वेत झाली आणि तीत अवघे १३ संघ होते. १९८२ मध्ये संघ २४ झाले, १९९८ मध्ये ३२, आणि २०२६ च्या स्पर्धेसाठी ही संख्या ४८ वर नेण्यात आली. त्या स्पर्धेचे यजमानपद अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या तिघांना मिळून देण्यात आले. ४८ संघांचे १२ गट, प्रत्येक गटात चार संघ. गटातील प्रत्येक संघ उरलेल्या तिघांशी एकेकदा खेळतो. म्हणजे एका गटात सहा सामने आणि सर्व गटांचे मिळून ७२. प्रत्येक गटातील पहिले दोन, असे २४ संघ पुढे जातात. शिवाय बारा गटांत तिसऱ्या आलेल्या बारा संघांपैकी सर्वांत सरस आठ संघांनाही प्रवेश मिळतो. या ३२ संघांची मग बाद फेरी सुरू होते. तीत जो हरला तो घरी गेला. बत्तिसाचे सोळा, सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, आणि मग अंतिम सामना. तिसऱ्या क्रमांकासाठीचा सामना धरून एकूण १०४ सामने होतात आणि विजेत्याला त्यांतील आठ खेळावे लागतात.

१०४ सामने कोणीच पाहू शकत नाही, आणि पाहण्याचे कारणही नाही. सामने अमेरिकेत असले म्हणजे न्यूयॉर्कमधील दुपारचे बारा हे आपल्याकडील रात्रीचे साडेनऊ असतात आणि तेथील सायंकाळचे सहा म्हणजे येथील पहाटेचे साडेतीन. सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाने झोपेचा हिशेब आधीच मांडलेला बरा. नवख्याला आमचा सल्ला असा की त्याने आरंभी एकच गट निवडावा आणि त्यातील सहाही सामन्यांचा माग ठेवावा. चार संघांची नावे, त्यांचे चार-दोन खेळाडू, त्यांची खेळण्याची पद्धत एवढे लक्षात राहते. बारा गटांच्या मागे धावणाऱ्याच्या हाती मात्र केवळ निकालांची यादी लागते.

आता गुणतक्ता. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. १९९० पर्यंत जागतिक स्पर्धेत विजयाला दोनच गुण मिळत. तेव्हा दोन बरोबऱ्या म्हणजे एक विजय असा हिशेब बसे आणि बरोबरीवर समाधान मानणाऱ्या संघांचे फावे. १९९४ पासून तीन गुण देण्यात आले, ते संघांनी जिंकण्यासाठी खेळावे म्हणून. तीन सामन्यांत सहा गुण मिळवणारा संघ सहसा निर्धास्त असतो, चार गुणांवरही बहुधा काम भागते, आणि तीन गुणांवर थांबलेल्याला दुसऱ्यांच्या निकालाकडे डोळे लावून बसावे लागते. म्हणून पहिल्याच सामन्यातील पराभवानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी छापून येणाऱ्या मृत्युलेखांवर वाचकाने विश्वास ठेवू नये. २०१० मध्ये स्पेन पहिला सामना स्वित्झर्लंडकडून ०-१ असा हरला. २०२२ मध्ये अर्जेंटिनाला सौदी अरेबियाने २-१ असे नमवले. दोन्ही वेळा विश्वचषक त्याच हरलेल्या संघाने नेला.

गुण समसमान झाले तर काय? केलेले गोल आणि स्वीकारलेले गोल यांतील फरक, एकूण गोल, परस्परांतील सामन्याचा निकाल अशा कसोट्या क्रमाने लावल्या जातात. हा क्रम सर्व स्पर्धांत एकच नसतो. २०२२ पर्यंतच्या जागतिक स्पर्धांत एकूण गोलफरक आधी पाहिला जाई, तर युरोपच्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेत परस्परांतील निकालाला आधी मान मिळतो. स्पर्धा सुरू होण्यापूर्वी त्या स्पर्धेचा हा क्रम वाचून ठेवणारा प्रेक्षक शेवटच्या रात्री शेजाऱ्यापेक्षा दहा मिनिटे पुढे असतो. २०१८ मध्ये जपान आणि सेनेगल यांचे गुण सारखे, गोलफरक सारखा, एकूण गोल सारखे आणि आपसांतील सामना २-२ असा बरोबरीत. अखेर ज्याला पिवळी कार्डे कमी तो पुढे, या कसोटीवर निकाल लागला. जपानची चार, सेनेगलची सहा. जपानला हे ठाऊक होते. म्हणूनच पोलंडविरुद्धच्या आपल्या अखेरच्या सामन्यात ०-१ असा पिछाडीवर असताना त्याने शेवटची मिनिटे चेंडू आपल्याच खेळाडूंत फिरवण्यात घालवली. प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवून निषेध केला. ज्याला नियम ठाऊक नव्हता त्याला तो खेळ निरर्थक वाटला. ज्याला ठाऊक होता त्याने एक संघ पराभव पत्करून पुढे जात असल्याचे पाहिले.

नियम खेळाला कसा वळण लावतो याचे याहून कठोर उदाहरण १९८२ चे आहे. स्पेनमधील त्या स्पर्धेत अल्जेरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवून जगाला थक्क केले. गटातील आपले तिन्ही सामने अल्जेरियाने आधी संपवले. दुसऱ्या दिवशी, २५ जून रोजी, हिहोन येथे पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया समोरासमोर आले. जर्मनी एका किंवा दोन गोलांनी जिंकल्यास हे दोन्ही शेजारी पुढे जाणार आणि अल्जेरिया बाद होणार, हे गणित दोघांनाही पाठ होते. दहाव्या मिनिटाला जर्मनीने गोल केला आणि त्यानंतर ऐंशी मिनिटे दोन्ही संघांनी चेंडूला जणू फिरायला नेले. अल्जेरियाची तक्रार फेटाळण्यात आली, कारण नियमाचा भंग कोठेच झालेला नव्हता. मात्र पुढच्या, १९८६ च्या स्पर्धेपासून प्रत्येक गटातील शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवले जाऊ लागले. आज त्या रात्री दूरदर्शनसंचावर दोन सामने आलटून पालटून दाखवले जातात, त्यामागे अल्जेरियावर झालेला हा अन्याय आहे. वाचकाने गटसामन्यांतील एकच रात्र जागायची ठरवली तर ती हीच असावी.

संघांची संख्या वाढवताना हा धोका पुरता टळलेला नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. एका गटातील दोन सामने एकाच वेळी झाले तरी बारा गट एकाच वेळी खेळत नाहीत. तिसऱ्या क्रमांकावरून पुढे जाण्यासाठी नेमके किती गुण पुरतील, हे शेवटच्या गटांतील संघांना पहिल्या गटांतील संघांपेक्षा अधिक चांगले कळते. त्यात बारांपैकी आठ तिसऱ्यांना प्रवेश दिल्यामुळे दुबळ्यांना जशी संधी मिळते तशीच सावधांनाही मिळते. २०१६ च्या युरोपीय स्पर्धेत पोर्तुगालने गटातील तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, तिसऱ्या क्रमांकावरून तो पुढे सरकला, आणि शेवटी त्याने अजिंक्यपद मिळवले. यात गैर काही नाही. परंतु 'अधिक देशांना संधी' या घोषणेमागे अधिक सामने, अधिक जाहिराती आणि अधिक उत्पन्न यांचाही हिशेब असतो, एवढे भान प्रेक्षकाने ठेवावे.

बाद फेरीचा स्वभाव अगदी वेगळा. नव्वद मिनिटांत निकाल लागला नाही तर तीस मिनिटे जादा, आणि तरीही न लागल्यास पेनल्टी किक. जागतिक स्पर्धेत अशा किकने निकाल लागण्याची पहिली वेळ १९८२ च्या पश्चिम जर्मनी-फ्रान्स उपांत्य सामन्यात आली. येथे सरस संघच जिंकेल असे नाही. फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात, आणि म्हणूनच नव्वद मिनिटे वरचढ असलेला संघ एका चुकीने हरू शकतो. क्रिकेटची सवय असलेल्या वाचकाला हे प्रथम खटकते, कारण तेथे धावफलक सामन्याचे बरेचसे चित्र सांगतो. फुटबॉलमध्ये ०-० हा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. त्यासाठी मैदानाकडेच पाहावे लागते.

मैदानाकडे पाहायचे म्हणजे केवळ चेंडूकडे नव्हे. अकरांपैकी दहा खेळाडूंजवळ कोणत्याही क्षणी चेंडू नसतो. ते कोठे उभे आहेत, कोणती जागा मोकळी करीत आहेत, चेंडू गमावल्यावर किती वेगाने मागे परततात, यात खेळाचे मर्म आहे. ऑफसाइडचा नियमही जागेचाच आहे. सहकाऱ्याने चेंडू पुढे ढकलला त्या क्षणी, प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागातील आक्रमक हा चेंडूच्याही पुढे आणि बचाव करणाऱ्यांपैकी शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड. शेवटचा बहुधा गोलरक्षक असतो, म्हणून व्यवहारात एका बचावपटूशी तुलना होते. चेंडू पोचला तेव्हाची नव्हे, सुटला तेव्हाची जागा मोजायची, एवढे ध्यानात धरले की अर्धा गोंधळ मिटतो. या नियमामुळे आक्रमकाला गोलपाशी तळ ठोकून बसता येत नाही; त्याला क्षण साधावा लागतो. २०१८ पासून पंचांच्या मदतीला चित्रफितीची तपासणी आली, त्यामुळे झालेला गोल दोन मिनिटांनी रद्द होण्याचे प्रसंग वाढले. आनंद जरा थांबून व्यक्त करावा, हा त्यातील व्यावहारिक धडा.

येथवर नियम झाले. आता प्रश्न उरतो पक्षाचा. भारत या स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात आजवर कधीही खेळलेला नाही. १९५० मध्ये इतर देशांनी माघार घेतल्यामुळे जागा चालून आली होती, परंतु आपला संघ ब्राझीलला गेलाच नाही. २०२६ साठीच्या पात्रता सामन्यांत भारत दुसऱ्याच फेरीत, २०२४ मध्ये, बाद झाला. आपला देश मैदानात नसलेल्या माणसाला पक्ष निवडण्याचे स्वातंत्र्य असते. ते स्वातंत्र्य वापरण्यापूर्वी ही स्पर्धा कोणाची होती आणि कोणाची झाली, हे जाणणे अगत्याचे आहे.

१९६६ च्या स्पर्धेसाठी आफ्रिका, आशिया व ओशनिया या तिन्ही खंडांना मिळून एक जागा ठेवण्यात आली होती. घानाच्या पुढाकाराने आफ्रिकी देशांनी स्पर्धेवर बहिष्कार टाकला. त्याच स्पर्धेत पोर्तुगाल तिसरा आला आणि सर्वाधिक, म्हणजे नऊ गोल केले ते युसेबिओने. उत्तर कोरियाविरुद्ध पोर्तुगाल ०-३ असा मागे पडला असता याच युसेबिओने चार गोल केले आणि सामना ५-३ असा फिरवला. युसेबिओ जन्मला मोझांबिकात. संघाचा कर्णधार कोलुना, तोही मोझांबिकचाच. त्या वेळी मोझांबिकात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध सशस्त्र लढा सुरू होऊन दोन वर्षे होत आली होती, आणि गोवा मुक्त होऊन पाच वर्षेही लोटली नव्हती. सालाझारच्या राजवटीने ज्या गौरवाने छाती फुगवली, तो गौरव त्याच राजवटीने दास्यात ठेवलेल्या भूमीच्या पुत्रांनी मिळवून दिला होता. पोर्तुगालचा झेंडा गच्चीवर लावणाऱ्याने हे जाणावे, आणि तो झेंडा पाहून संतापणाऱ्यानेही जाणावे.

अल्जेरियाची कथा याहून तेजस्वी आहे. १९५८ च्या एप्रिलमध्ये, विश्वचषक दोन महिन्यांवर आला असताना, फ्रान्समधील क्लबांत खेळणारे काही अल्जेरियन खेळाडू गुप्तपणे देश सोडून गेले आणि त्यांनी स्वातंत्र्यचळवळीचा संघ उभा केला. त्यांतील मेखलूफी व झितूनी यांना फ्रान्सच्या विश्वचषक संघात जागा मिळणार हे जवळजवळ ठरलेले होते. त्यांनी ती लाथाडली. जागतिक महासंघाने या संघाला मान्यता दिली नाही, तरी मित्रदेशांत सामने खेळत तो अल्जेरियाचे नाव घेऊन हिंडला. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला, आणि वीस वर्षांनी पश्चिम जर्मनीला हरवणाऱ्या अल्जेरियाच्या प्रशिक्षकांत हाच मेखलूफी होता. हिहोनचा अन्याय कोणावर झाला, हे आता वाचकाला अधिक उमजेल.

त्यानंतरचा प्रवास हा दार हळूहळू उघडल्याचा आहे. १९७० पासून आफ्रिकेला हक्काची जागा मिळाली. २०२६ साठी तिच्या थेट जागा नऊ ठरल्या. २००२ मध्ये सेनेगलने आपल्या माजी राज्यकर्त्याला, गतविजेत्या फ्रान्सला, उद्घाटनाच्याच सामन्यात १-० असे हरवले. २०२२ मध्ये मोरोक्कोने आधी स्पेनला आणि मग पोर्तुगालला बाद करून उपांत्य फेरी गाठली. आफ्रिकेतील कोणताही देश त्यापूर्वी तेथवर पोचला नव्हता. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात केप व्हर्दे हा अटलांटिकातील द्वीपसमूह विश्वचषकासाठी प्रथमच पात्र ठरला. १९७५ पर्यंत तेथे पोर्तुगालचीच सत्ता होती. त्याची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांवर होती. लहानपणाची सबब सांगणाऱ्या कोणत्याही प्रदेशाने या आकड्यांकडे एकदा पाहावे.

गोव्यात पोर्तुगालच्या झेंड्यावरून दर स्पर्धेत कुरबूर होते. २०२१ च्या डिसेंबरात, मुक्तीच्या हीरकमहोत्सवी वर्षात, कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा उभारला गेला तेव्हा निषेधही झाला. त्या निषेधामागील दुखरी जागा खोटी नव्हती. मुक्तिलढ्यात ज्यांनी तुरुंग पाहिले त्यांच्या घरांत ती जागा अजूनही हळवी आहे. परंतु रोनाल्डोचा जन्म १९८५ चा. पोर्तुगालमधील हुकूमशाही त्याआधी, १९७४ मध्येच, उलथून टाकली गेली होती. राजवटीचा हिशेब खेळाडूच्या नावे मांडणे न्यायाचे नव्हे. शिवाय फुटबॉल ही पोर्तुगीजांनी गोव्याला दिलेली देणगी, हा समजही तपासून पाहावा. १८८३ मध्ये शिवोलीस आलेल्या विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्र्याने हा खेळ येथे आणला असे मानले जाते, आणि लायन्स पोर्तुगीज नव्हता. खेळ आला, येथल्या मातीत रुजला आणि येथलाच झाला. डेंपो व साळगावकर ही नावे कोणत्या घराण्यांची, आणि भारताचे कर्णधारपद भूषविणारे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे ताळगावचे, एवढे आठवले तरी 'त्यांचा खेळ' ही समजूत गळून पडते.

पुतळ्याच्या वादात खरा सवाल वेगळाच होता, आणि काही टीकाकारांनी तो विचारलाही : आपल्या खेळाडूंचे स्मरण कोठे आहे? डेंपोने राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा जिंकले. तरीही २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांतील डेंपो २०२४ मध्ये परतला, ही समाधानाची गोष्ट. मधल्या काळात गच्च्यांवर झेंडे मात्र दर चार वर्षांनी नेमाने लागत राहिले. परदेशी संघासाठी रात्र जागवणारे गाव आपल्या मैदानावरील संध्याकाळच्या सामन्याला फिरकत नाही, ही विसंगती आम्हांला कोणत्याही झेंड्यापेक्षा अधिक खुपते.

२०३० ची जागतिक स्पर्धा मोरोक्को, स्पेन व पोर्तुगाल यांना मिळून देण्यात आली आहे. शताब्दीनिमित्त आरंभीचे तीन सामने उरुग्वे, अर्जेंटिना व पॅराग्वे येथे व्हायचे आहेत. ज्या मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील सेउता १४१५ मध्ये जिंकून पोर्तुगालने आपल्या साम्राज्याला आरंभ केला, तोच मोरोक्को आता त्याच्या शेजारी समान यजमान म्हणून बसेल. त्या वेळी गोव्यात झेंड्यांचा वाद पुन्हा उठेल यात आम्हांला शंका नाही. वाचकाने त्या वादात अवश्य पडावे, मात्र गुणतक्ता आणि इतिहास ही दोन्ही हाताशी ठेवून. पक्ष कोणताही घ्यावा. तो का घेतला हे शेजारी बसलेल्या नातीला सांगता आले पाहिजे. आणि स्पर्धा आटोपल्यावर पहिल्या रविवारी तिचे बोट धरून फातोर्ड्याला, धुळेरला किंवा आपल्याच गावच्या मैदानावर जावे. ऑफसाइड तेथेही तोच असतो, आणि खेळणारी मुले आपल्या ओळखीची असतात.